कारकुनाची दुर्बीण आणि विजयदुर्गचे ओटे

वाचकहो, ही हकीकत माझ्या एका चुकीपासून सुरू होते.

आमच्या वाडीच्या विहारात जून महिन्यात शाळकरी मुलांना वह्यावाटप होते. अशाच एका कार्यक्रमात मुलांना चार शब्द सांगण्याची जबाबदारी माझ्यावर आली. विज्ञानावर बोलावे म्हणून मी मोठ्या ऐटीत सांगितले, "बाळांनो, सूर्यावर हेलियम नावाचा वायू आहे, हा शोध जगात प्रथम कुठे लागला? आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावर! १८ ऑगस्ट १८६८ रोजी ग्रहण लागले, तेव्हा लॉकियर नावाच्या साहेबाने तेथे दुर्बीण लावून हा शोध लावला." टाळ्या पडल्या. मलाही बरे वाटले.

तेवढ्यात मागच्या रांगेतून नववीतली एक मुलगी उठली. म्हणाली, "काका, ऑगस्टात तर आपल्याकडे धो धो पाऊस असतो. साहेबाला सूर्य दिसला कसा?"

सभेत हशा पिकला. मीही हसलो आणि काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण रात्री झोप लागेना. "ऐकीव आहे म्हणून मानू नका, परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, स्वतः पडताळून पाहा" असा उपदेश तथागतांनी कालामांना केला, हे मी दर पौर्णिमेला सांगतो. आणि मी स्वतः काय केले? कुठेतरी वाचलेले, कुणीतरी सांगितलेले, जसेच्या तसे मुलांच्या ओंजळीत टाकले. मग सुट्टीच्या दिवशी वाचनालयात बसून मी या साहेबाचा शोध घेऊ लागलो. जे हाती आले ते ऐकीव गोष्टीपेक्षा कितीतरी मोलाचे निघाले. आज ते आपणापुढे ठेवत आहे.

दिवसा फाईल, रात्री दुर्बीण

नॉर्मन लॉकियर यांचा जन्म १७ मे १८३६ रोजी इंग्लंडमधील रग्बी या गावी झाला. वडील वैद्यकी करीत. आपल्याला वाटते, एवढा मोठा शास्त्रज्ञ म्हणजे कुठल्या तरी नामांकित विद्यापीठाचा पदवीधर असणार. पण या माणसाने विद्यापीठाची पायरीसुद्धा चढली नव्हती. १८५७ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो लंडनच्या युद्धखात्याच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटला. होय, कारकून! जावक क्रमांक घालणारा, कागद पुढे सरकवणारा, महिनाअखेरीस पगाराची वाट पाहणारा. मी स्वतः कारकुनी करतो, म्हणून हे वाचताना मला एकदम आपला माणूस भेटल्यासारखे वाटले.

दुसऱ्याच वर्षी लग्न झाले. संसार वाढला, मुले झाली. अशा माणसाला आकाशाचा नाद लागला. त्याने सव्वासहा इंच व्यासाच्या भिंगाची दुर्बीण मिळवली आणि घराच्या आवारात उभी केली. दिवसा फाईल आणि रात्री दुर्बीण. १८६२ साली मंगळ पृथ्वीच्या जवळ आला असताना त्याने रात्री जागून मंगळाची चित्रे काढली आणि जाणकारांनी त्यांची वाखाणणी केली.

येथे एका स्त्रीचे नाव घेतलेच पाहिजे. लॉकियर यांच्या पत्नी विनिफ्रेड या घरसंसार सांभाळून फ्रेंच भाषेतील विज्ञानाची पुस्तके इंग्रजीत आणीत. आकाशाविषयीचे एक गाजलेले फ्रेंच पुस्तक त्यांनी भाषांतरित केले आणि पतीने ते संपादित केले. पती-पत्नी दोघे मिळून ज्ञानाचे काम करतात, असे ते घर होते. आपल्याकडे पुष्कळ घरांत नवऱ्याच्या वाचनाला मान असतो आणि बायकोच्या वाचनाला "रिकामपणाचे उद्योग" म्हटले जाते. त्या घरांनी याची दखल घ्यावी.

पिवळी रेघ

आता लॉकियरने नेमके काय केले, ते समजून घेऊ. आपल्या माताभगिनी हा प्रयोग चुलीपाशी नकळत रोज करतात. भाताचे खारे पाणी उतू जाऊन गॅसच्या निळ्या ज्योतीवर पडले की ज्योत क्षणभर पिवळी होते. मिठात सोडियम असते आणि सोडियम तापले की तो ठरावीक पिवळा उजेड देतो. प्रत्येक मूलद्रव्याचा असा आपापला उजेड असतो. काचेच्या लोलकातून तो उजेड नेला की त्याच्या बारीक रंगीत रेघा दिसतात. जशी माणसाच्या अंगठ्याची निशाणी, तशी ही मूलद्रव्याची निशाणी. या रेघा वाचणाऱ्या उपकरणाला वर्णपटदर्शक म्हणतात. सूर्यापर्यंत हात पोचत नाही, पण त्याचा उजेड आपल्या अंगणात येतो. त्या उजेडातील रेघा वाचल्या की सूर्यावर काय आहे ते घरबसल्या कळते.

खग्रास ग्रहणात चंद्राने सूर्य पुरता झाकला की कडेला लालसर ज्वाळा दिसतात. या ज्वाळा म्हणजे काय, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. ग्रहण दोन-पाच मिनिटांचे, तेही वर्षा-दोन वर्षांतून एखादे, आणि कधी समुद्रात तर कधी वाळवंटात. लॉकियरच्या मनात १८६६ च्या सुमारास विचार आला की चांगला वर्णपटदर्शक मिळाला तर ग्रहणाची वाट कशाला पाहायची? भर उजेडातही या ज्वाळांच्या रेघा दिसल्या पाहिजेत. त्याने सरकारी अनुदान मिळवून उपकरण बनवायला टाकले. पण कारागिराकडून ते लवकर मिळेना. महिन्यांमागून महिने गेले.

इकडे १८ ऑगस्ट १८६८ चे ग्रहण आले. त्याची सावली आपल्या कोकण किनाऱ्यापासून पूर्वेला आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत गेली. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन गुंटूरला होता. ग्रहणात त्याला ज्वाळांच्या रेघा इतक्या ठळक दिसल्या की, "या तर उद्याही दिसतील" असे त्याला वाटले आणि दुसऱ्या दिवशी ग्रहण नसताना त्याने त्या खरोखर पाहिल्या. जॉन हर्शेल हा इंग्रज अधिकारी जमखंडीला होता आणि त्याला ढगांनी सतावले. भारतातून काही निरीक्षकांनी एक पिवळी रेघही पाहिली, पण ती सोडियमची असावी असे समजून सोडून दिली.

आणि लॉकियर? तो लंडनमध्ये होता, उपकरणाची वाट पाहत! ते उपकरण त्याच्या हाती पडले १६ ऑक्टोबर १८६८ रोजी, म्हणजे ग्रहणानंतर दोन महिन्यांनी. चार दिवसांनी, २० ऑक्टोबरला, त्याने लंडनमधूनच, ग्रहण नसताना, त्या ज्वाळांच्या रेघा पाहिल्या. योगायोग असा की जान्सनचे आणि लॉकियरचे अशी दोन्ही पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला, वाचली गेली. पुढे फ्रेंच सरकारने दोघांचे मुखवटे असलेले एकच पदक काढले. आधी कोण, नंतर कोण, हा वाद तिथेच मिटला.

ती पिवळी रेघ मात्र लॉकियरने सोडून दिली नाही. त्याने नीट मोजले तेव्हा ती सोडियमच्या जागेवर बसेना, थोडी बाजूला पडे. रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड याला सोबत घेऊन त्याने हायड्रोजनवर प्रयोग केले. हायड्रोजनपासूनही ती रेघ निघेना. मग त्याने धाडस करून म्हटले, हे पृथ्वीवर न सापडलेले नवे मूलद्रव्य आहे. सूर्याला ग्रीक भाषेत हेलिऑस म्हणतात, त्यावरून नाव पडले हेलियम. पुष्कळ शास्त्रज्ञांनी मान हलवली. विद्यापीठाची पदवी नसलेला हा कारकून केवळ एका रेघेवरून नवे मूलद्रव्य कसे सांगतो, असे अनेकांना वाटले असेल. सत्तावीस वर्षे गेली. १८९५ साली विल्यम रॅम्झे याला युरेनियम असलेल्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेघ सापडली. त्याने पडताळणीसाठी नमुना लॉकियरकडेही पाठवला. आपण सूर्यावर ओळखलेला वायू पृथ्वीवर निघालेला पाहणे, हे भाग्य त्या माणसाला जिवंतपणी लाभले.

म्हणजे आमच्या नववीतल्या मुलीची शंका रास्त होती. १८६८ च्या ऑगस्टात लॉकियर साहेब विजयदुर्गला आलेच नव्हते.

साहेब विजयदुर्गला आले तेव्हा

मग विजयदुर्गची गोष्ट अगदीच खोटी का? नाही. साल चुकले, माणूस खरा आहे.

लॉकियर पहिल्यांदा भारतात आले ते डिसेंबर १८७१ मध्ये. त्या वेळच्या ग्रहणासाठी त्यांचा तळ केरळच्या बेकल किल्ल्यात होता. दुसऱ्यांदा आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, आणि या वेळी तळ पडला विजयदुर्गच्या किल्ल्यात. तेव्हा हा किल्ला आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच होता. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. जानेवारी महिना, आभाळ कसे निवळशंख! ग्रहणाची सावली विजयदुर्गवरून घाट चढून सोलापूर जिल्ह्यातील जेऊरकडे गेली. जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांचा तळ होता. एक भारतीय प्राध्यापक आपली वेधशाळेची उपकरणे घेऊन साहेबांच्या बरोबरीने उभा होता, हेही आपण मुलांना सांगितले पाहिजे.

लॉकियर आता एकसष्ट वर्षांचे झाले होते. कारकून मागे पडला होता. ते प्राध्यापक झाले होते, त्यांना 'सर' हा किताब मिळाला होता आणि १८६९ साली त्यांनी सुरू केलेले 'नेचर' हे विज्ञान साप्ताहिक जगभर वाचले जात होते. ते साप्ताहिक त्यांनी पन्नास वर्षे चालवले. साप्ताहिक चालवणे म्हणजे काय असते, हे या अंकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

इंग्रजी आरमाराचे 'मेल्पोमेनी' हे जहाज त्यांच्या मदतीला होते. किल्ल्यात दुर्बिणी आणि कॅमेरे बसवण्यासाठी पक्के ओटे बांधले गेले. आजही विजयदुर्गला गेलात तर लोक ते 'साहेबाचे ओटे' म्हणून दाखवतात. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. त्या दोन मिनिटांसाठी जहाजावरच्या खलाशांना आणि अधिकाऱ्यांना कामे वाटून दिली होती आणि पुन्हा पुन्हा तालमी घेतल्या होत्या. कुणी सूर्याभोवतीच्या तेजोवलयाचे चित्र काढायचे, कुणी वेळ मोजायची, कुणी काचा बदलायच्या. ग्रहण भर दुपारी लागले, किल्ल्यावर अंधार झाला आणि ठरल्याप्रमाणे सूर्याच्या कडेच्या उजेडाचे वर्णपट टिपले गेले.

किल्ल्याच्या चढावर त्या जड पेट्या आणि ते दगड कुणाच्या तरी खांद्यावरून आले असणारच. साहेबाचे नाव ओट्यांना मिळाले, खांद्यांना नाव मिळाले नाही. हेही लक्षात ठेवून त्या ओट्यांपाशी क्षणभर उभे राहावे.

"दे दान, सुटे गिराण"

त्या दिवशी किल्ल्याबाहेर काय चालले असेल? आपल्या जुन्या जाणत्या माणसांनी सांगितलेले आठवा. ग्रहण लागले की महार-मांग वस्तीतील माणसांनी झोळी घेऊन गावात फिरायचे आणि "दे दान, सुटे गिराण" अशी आरोळी द्यायची, असा रिवाज होता. राहू-केतूने सूर्य गिळला, ते राहू-केतू म्हणे आपल्याच जातीचे, म्हणून आपल्याला दान दिले की ते सूर्याला सोडतील! वरून कुणी झोळीत धान्य टाकायचे, जुने कपडे टाकायचे, आणि ग्रहण सुटल्यावर आंघोळ करायची. जे अपमानाचे होते त्यालाच हक्क म्हणायला शिकवले होते.

विचार करा. २२ जानेवारी १८९८ ची तीच दुपार, तोच सूर्य, तीच सावली. किल्ल्याच्या तटाआड माणसे त्या सावलीचा सेकंद न् सेकंद मोजत होती आणि तटाबाहेर आपले पणजोबा-खापरपणजोबा त्याच सावलीत झोळी पसरून फिरत असणार. दोघांत अंतर किती? फक्त एका भिंतीचे. पण ती भिंत दगडाची नव्हती, अक्षरबंदीची होती. याच रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यातल्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित शिक्षकी करता करता ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहून गेले आणि त्यांचा ग्रंथ १८९६ साली छापून निघाला. त्यांचे काम थोर आहे, पण ज्या विद्येवर तो ग्रंथ उभा आहे तिचे दार आपल्याला उघडे नव्हते.

त्या ग्रहणाच्या दिवशी, ज्याचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे, असा भिवा नावाचा एक मुलगा सहा वर्षांचा होता. पुढे मार्च १९२७ मध्ये महाडला त्याच मुलाने आपल्या बांधवांना सांगितले की मागून आणलेले तुकडे खाऊ नका, स्वाभिमानाने जगा. ती झोळी गळून पडली ती अशी. म्हणून ग्रहण हा विषय आपल्या समाजाला केवळ आकाशाचा नाही, स्वाभिमानाचाही आहे.

आणि तरीही, बंधू-भगिनींनो, झोळी गेली पण भीती गेली का? २४ ऑक्टोबर १९९५ रोजी ऐन दिवाळीत ग्रहण लागले तेव्हा मी शाळकरी होतो. आमच्या एका मावशीला दिवस गेले होते. तिला सकाळपासून आतल्या खोलीत बसवून ठेवले, पाणीही पिऊ दिले नाही. भाजी चिरायची नाही, सुई घ्यायची नाही. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आणि खाली हा प्रकार! गरोदर बाईने चार-पाच तास पाण्यावाचून राहणे हेच बाळाला वाईट, ग्रहण नव्हे. चंद्र सूर्याच्या आड येतो, एवढीच ही गोष्ट. हात लांब करून एक रुपयाचे नाणे डोळ्यासमोर धरले की छतावरचा मोठा दिवा झाकला जातो, तसेच हे. सूर्य चंद्राच्या सुमारे ४०० पट रुंद, पण सुमारे ४०० पट दूरही, म्हणून दोघे आकाशात जवळजवळ सारखे दिसतात आणि चंद्राची टिकली बरोबर सूर्यावर बसते. त्या सावलीत विष नाही.

धोका एकच आहे आणि तो खरा आहे. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये. काजळी धरलेली काच किंवा जुनी एक्स-रे फिल्मही चालत नाही, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. खास ग्रहणाचे चष्मे वापरावेत. नाहीतर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून सूर्याची प्रतिमा भिंतीवर पाडावी. बिनखर्चाचे काम आहे. २ ऑगस्ट २०२७ रोजी पश्चिम भारतातून सूर्याचा काही भाग झाकलेला दिसणार आहे. ऑगस्टातल्या पावसाने आपल्याला तो दिसेल की नाही, हे त्या नववीतल्या मुलीला विचारा!

ओट्यापासून अवकाशयानापर्यंत

लॉकियर यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. मूलद्रव्ये आणि तारे यांविषयीचे त्यांचे काही मोठे सिद्धांत पुढे टिकले नाहीत. १६ ऑगस्ट १९२० रोजी ते वारले. पण ग्रहणाची वाट न पाहता सूर्याची कड पाहायची, हा त्यांचा ध्यास मात्र पुढे गेला. २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून आपले 'आदित्य एल-१' यान निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरील आपल्या कक्षेत पोचले. त्यावरील एका उपकरणात सूर्य झाकून कृत्रिम ग्रहण घडवले जाते. दुसरी एक दुर्बीण पुण्याच्या आयुका या संस्थेने तयार केली आहे. या मोहिमेच्या प्रकल्प संचालक निगार शाजी या तामिळनाडूतील सेंगोट्टई गावच्या सरकारी शाळेत शिकलेल्या. अवकाशयान बांधणारे अभियंते कुठल्या वेगळ्या मातीचे नसतात. आणि तो हेलियम? अग्निबाणाच्या टाक्यांतील इंधन दाबाने पुढे ढकलायला तो वापरतात आणि दवाखान्यातील एमआरआय यंत्राचा चुंबक थंड ठेवायलाही तोच लागतो.

या जूनमध्ये मी पुन्हा वह्यावाटपाला उभा राहिलो. प्रथम मुलांसमोर कबूल केले, "मागे मी तुम्हाला चुकीचे सांगितले होते." मग खरी हकीकत सांगितली. त्या मुलीला उभे करून म्हटले, "ही शंका हिने काढली म्हणून मला खरे कळले." पालकांमधून कुणीतरी म्हणाले, "अहो, पण मग आपल्या विजयदुर्गाचा मान गेला की!" मी म्हटले, मान गेला नाही, उलट खरा झाला. चुकीच्या तारखेवर उभा केलेला अभिमान एका पोरीच्या प्रश्नाने ढासळतो. खऱ्या तारखेवर उभा केलेला कुणाला ढासळवता येत नाही.

मुलगी आता अकरावीला विज्ञान शाखेत आहे. "एवढे शिकून पुढे काय, कुठेतरी क्लार्क म्हणून लागली तरी पुष्कळ" असे तिचे वडील मला परवा म्हणाले. मी त्यांना सांगितले, "दादा, लागू दे ना क्लार्क म्हणून. पण रात्रीचे आकाश तिच्याकडून काढून घेऊ नका."

पुढच्या सुट्टीत वाडीतल्या मुलांना एसटीने विजयदुर्गला न्यायचे ठरले आहे. भाकरी ज्याने त्याने आपापली बांधून आणायची आहे. आपल्या वाडीतूनही कुणी येणार असेल तर अवश्य यावे. साहेबाच्या ओट्यावर बसून मुलांना विचारू द्या. उत्तर आले नाही तर "माहीत नाही, शोधून सांगतो" असे म्हणायला लाजू नका. जयभीम!